मोडून पाहिलेला सांधा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू काय काम करतेस ते सांग, पण सगळ्यांना कळेल असं सांग." तर एका वाक्यात सांगते. कारखान्यातून आलेला नवाकोरा स्टीलचा सांधा मी प्रयोगशाळेत बसवते आणि तो मोडेपर्यंत वाकवते. माझी आई अजूनही विचारते, "चांगली वस्तू मोडायचे पैसे कोण देतं गं?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आपल्यापैकी ज्यांनी टेक्निकल घेतलं होतं, त्यांना वर्कशॉपमधली कानस आठवत असेल. वर्गात आम्ही मुली तिघीच होतो, पण कानशीने हात सगळ्यांचेच सोलले होते. लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणायचा आणि दुसऱ्या तुकड्याच्या खाचेत बसवायचा. तुकडे सगळ्यांचे बरे व्हायचे. सर मार्क कापायचे ते दोन तुकडे जिथे मिळतात तिथे. जॉब खिडकीकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की गेले दोन मार्क.

इमारतीचंही तसंच असतं. स्टीलची इमारत म्हणजे उभे खांब आणि आडव्या तुळया. खांब आणि तुळया मोठ्या कारखान्यात, एकसारख्या मापात, तपासून तयार होतात. सांधा मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. त्यात भोकं असतात, बोल्ट असतात, वेल्डिंग असतं, कोपरे असतात. वजनात सांध्याचा वाटा थोडा, पण वरचा सगळा भार त्यातूनच पुढे जातो. सगळ्यात जास्त मजुरीही तिथेच लागते, म्हणून सुधारणा करायची, बचत करायची म्हटलं की अभियंत्याची नजर आधी सांध्यावर जाते.

या सुधारणेला आमच्याकडे ऑप्टिमायझेशन म्हणतात. अर्थ साधा आहे. जिथे धातूला काम नाही तिथून तो काढायचा आणि जिथे काम आहे तिथेच ठेवायचा. ही कल्पना जुनी आहे. अँथनी मिचेल या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९०४ साली कमीत कमी सामानात चौकट कशी उभी करावी यावर निबंध लिहिला. १९८८ मध्ये मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांनी हे काम संगणकाकडून करून घेण्याची रीत मांडली. संगणकाला एक ठोकळा द्यायचा, भार कुठून येणार आणि आधार कुठे आहे ते सांगायचं. तो हिशेब करत करत निरुपयोगी भाग काढून टाकतो. शेवटी उरतं ते एखाद्या हाडासारखं दिसतं, टोकांना जाड, मध्ये बारीक आणि कडा गोलसर. नेदरलँड्समधल्या हेग शहरात रस्त्यावरच्या दिव्यांसाठी तारांवर ताणून धरलेली रचना करायची होती. अरुप कंपनीच्या अभियंत्यांनी २०१४-१५ च्या सुमारास तिचा एक सांधा असा काढला आणि धातूच्या भुकटीतून लेझरने थर रचत छापला. नेहमीच्या पद्धतीने केलेल्या सांध्यापेक्षा त्याचं वजन ७५ टक्क्यांनी कमी भरलं.

ऐकायला छान वाटतं, आणि आहेच छान. कमी स्टील म्हणजे कमी कोळसा, कमी धूर, कमी खर्च. पण यात एक मेख आहे. संगणक उत्तर देतो ते तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं. तुम्ही त्याला चार भार सांगितले, तर तो त्या चार भारांसाठी उत्तम सांधा देईल. पाचवा भार सांगायचा राहिला, तर त्या भाराला तोंड देणारा धातू त्याने केव्हाच काढून टाकलेला असेल. जुन्या, बोजड सांध्यांमध्ये पुष्कळ लोखंड वाया जायचं असं आपण म्हणतो. ते वाया गेलेलं लोखंड म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांसाठी ठेवलेली शिल्लक होती. शिल्लक काढून घ्यायची असेल, तर आधी ते प्रश्न कोणीतरी विचारायला हवेत. मोडणाऱ्या माणसाचे पैसे त्यासाठी असतात.

आता तीन गोष्टी सांगते. तिन्ही अमेरिकेतल्या आहेत, कारण तिथे त्यांची नीट चौकशी झाली आणि सगळं छापून जगापुढे ठेवलं गेलं.

पहिली गोष्ट कॅन्सस सिटीची. १७ जुलै १९८१ ची संध्याकाळ. हयात रीजन्सी हॉटेलच्या उंच दालनात लोक नाचाच्या कार्यक्रमासाठी जमले होते. दालनात चौथ्या मजल्याच्या उंचीवर एक पूल आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर आणखी एक पूल, असे दोन पूल छतापासून लोखंडी सळ्यांनी टांगलेले होते. मूळ नकाशात प्रत्येक ठिकाणी एकच लांब सळई होती. छतातून निघून वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जाऊन खालच्या पुलापर्यंत पोचणारी. तुळई टेकायची ती सळईवरच्या नटावर. एवढ्या लांब सळईला मधोमध नट बसवायचा तर आटे किती लांब पाडायचे? ते किचकट म्हणून एका सळईच्या दोन केल्या. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत.

कागदावर बदल किरकोळ दिसतो. पण विहिरीत सोडलेला एक दोर डोळ्यांपुढे आणा. दोघे जण तोच दोर वर-खाली धरून लोंबकळतायत, तर प्रत्येकाच्या हातावर फक्त स्वतःचं वजन असतं. आता खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर? दोराला काहीच फरक पडत नाही, पण वरच्याच्या मुठीवर दुप्पट भार येतो. इथे ती मूठ म्हणजे वरच्या तुळईखालचा नट. तुळई दोन चॅनेल समोरासमोर वेल्ड करून केलेली पोकळ पेटी होती. त्या संध्याकाळी नट ती पेटी फाडून आरपार निघाला आणि दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले. ११४ माणसं गेली.

त्यानंतर अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने तसेच सांधे नव्याने करवून घेतले आणि प्रयोगशाळेत मोडून पाहिले. तेव्हा कळलं, की मूळ नकाशातला सांधासुद्धा शहराच्या बांधकाम नियमांनी मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच भरत होता. बदललेल्या सांध्यावर तर त्याच्या दुप्पट भार होता. हीच चाचणी इमारत उघडण्याआधी झाली असती तर काय दिसलं असतं, हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे चाचण्या झालेल्या होत्या.

तिच्या आधीचे काही महिने आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावं नुकती झोपली होती आणि पहाटे किल्लारीची जमीन हलली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. तिथली घरं जाड दगडी भिंतींची, वर मातीचं जड माळवद. त्या भिंतींमध्ये दगडांचे दोन पदर होते, एक आतला, एक बाहेरचा, मध्ये माती आणि चिपा. दोन पदरांना एकत्र बांधणारा, आरपार जाणारा दगड बहुतेक घरांत नव्हता. हादऱ्याने पदर सुटे झाले आणि वरचं माळवद खाली आलं. भिंतीची रुंदी भरपूर होती. नव्हता तो सांधा. आपल्यापैकी कित्येकांच्या नात्यातली माणसं त्या पहाटे गेली, म्हणून इथे जास्त बोलत नाही.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे, लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. तीव्रता ६.७. तिथल्या स्टीलच्या इमारतींबद्दल अभियंत्यांना मोठा भरवसा होता. स्टील वाकतं पण तुटत नाही, ही त्यामागची समजूत. तार आणि खडू घ्या. तार पुढे-मागे वाकवली तर बराच वेळ टिकते आणि वाकताना तुमच्या हाताची शक्ती खाऊन टाकते. खडू वाकतच नाही, एकदम कट्‌कन तुटतो. भूकंपात इमारत तारेसारखी वागावी अशी अपेक्षा असते. तुळई खांबाजवळ वाकेल, भूकंपाची शक्ती तिथे जिरेल, इमारत वाकडी होईल पण माणसं बाहेर पडतील.

नॉर्थरिजनंतर इमारती बाहेरून धड दिसत होत्या. पुढे काही ठिकाणी छताची आवरणं काढली, आगीपासून संरक्षणासाठी लावलेला लेप खरवडला, तेव्हा तुळई आणि खांब जिथे वेल्ड केले होते तिथे तडे दिसले. तुळई वाकलेलीच नव्हती. सांधा खडूसारखा तुटला होता. एक मजल्यापासून २६ मजल्यांपर्यंतच्या, ३० वर्षं जुन्या आणि तेव्हा बांधकाम चालू असलेल्याही, अशा शंभराहून जास्त इमारतींत हे सापडलं. या तड्यांमुळे तिथे एकही इमारत कोसळली नाही, हे नशीब. बरोबर एका वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला. तिथे काही स्टीलच्या इमारती कोसळल्याही.

मग त्या आधीच्या चाचण्यांचं काय? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एगॉर पोपोव्ह यांनी १९७० च्या सुमारास अशा सांध्यांच्या चाचण्या केल्या होत्या आणि निकाल चांगले होते. पण त्या तुळया दीड-दोन फूट उंचीच्या होत्या. पुढच्या वीस वर्षांत काय झालं पाहा. प्रत्येक सांधा वेल्ड करायला पैसे लागतात, म्हणून भूकंपाचा भार घेणारे सांधे कमी करायचे आणि राहिलेल्या थोड्या सांध्यांवर मोठ्या, तीन तीन फूट उंचीच्या तुळया बसवायच्या, अशी पद्धत पडली. हेही ऑप्टिमायझेशनच. हिशेब बरोबर होता, इमारत स्वस्त होत होती. फक्त मोठ्या तुळईचा सांधा लहान तुळईच्या चाचणीवर विसंबून उभा होता. काटकसर पुढे गेली, चाचणी वीस वर्षं मागे राहिली.

कारणं शोधली तेव्हा एक नाही, बरीच निघाली. वेल्डिंगला वापरलेला धातू कडक होता पण चिवट नव्हता. वेल्ड करताना खाली आधाराला जी पट्टी लावतात ती तशीच ठेवलेली होती, तिच्याआड बारीक फट राही आणि तडा तिथूनच सुरू होई. तुळईच्या खालच्या पट्टीचं वेल्डिंग करताना तुळईचा उभा पडदा मध्ये येतो, त्यामुळे वेल्डरला एका ओघात काम करता येत नाही आणि तपासणाऱ्यालाही नीट दिसत नाही. आणखी एक कारण ऐकून आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटतं. गिरणीतून आलेलं तुळईचं स्टील मागितल्यापेक्षा जास्त ताकदीचं होतं. जास्त ताकदीची तुळई लवकर वाकत नाही, मग ती सगळा जोर वेल्डवर टाकते. एका भागाचा चांगुलपणा दुसऱ्याच्या मुळावर आला. हे सगळं एकत्र आल्यावर काय होतं, ते हिशेबाच्या वहीत दिसत नव्हतं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात मायकेल एंगेलहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोठ्या तुळयांवर केलेल्या चाचण्यांत मात्र शंकेची पाल चुकचुकली होती. त्यांचा लेख १९९३ मध्ये प्रसिद्धही झाला. भूकंप त्याच्या मागोमागच आला.

तिसरी गोष्ट उपायाची, आणि माझ्या सगळ्यात आवडीची.

सांधा तुटतो म्हटल्यावर कोणालाही वाटेल, सांधा आणखी जाड करा. काहींनी ते केलंही. पण एक उपाय उलटा होता. सांध्याला हात लावू नका, तुळईच थोडी कापा. खांबापासून थोड्या अंतरावर तुळईच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या दोन्ही कडा गोलाकार कापायच्या. पट्टीची जास्तीत जास्त अर्धी रुंदी काढता येते. वरून पाहिलं तर ती पट्टी डमरूसारखी दिसते. अमेरिकेत तिला कुत्र्याच्या हाडाची उपमा देऊन डॉगबोन म्हणतात, आपण डमरूच म्हणूया. भूकंपात तुळई आता वाकणार ती त्या डमरूच्या कमरेत. तिथे वेल्ड नाही, भोक नाही, नुसतं सलग चिवट स्टील आहे. नाजूक सांध्यापर्यंत पुरता जोर पोचायच्या आत कंबर वाकते आणि शक्ती खाऊन टाकते. घरातला फ्यूज जसा स्वतः जळून टीव्ही वाचवतो, तसंच. कल्पना मूळ युरोपातली, बेल्जियममधल्या आंद्रे प्लुमिये यांची. तिचं पेटंट लक्झेंबर्गच्या आर्बेड या स्टील कंपनीकडे होतं. नॉर्थरिजनंतर कंपनीने त्यावरचा हक्क सोडून दिला, कोणीही वापरा म्हणून.

धातू कमी केला आणि इमारत जास्त सुरक्षित झाली. खरं ऑप्टिमायझेशन मी याला म्हणते. पण एवढी सुंदर युक्ती सुचल्यावरही कोणी ती लगेच इमारतीत वापरा म्हटलं नाही. दुधाने तोंड पोळलेलं होतं, आता ताक फुंकून प्यायचं होतं. अमेरिकन सरकारच्या फेमा या आपत्ती संस्थेने पैसे दिले, तीन संस्थांनी मिळून सॅक नावाचा प्रकल्प उभा केला, वेगवेगळ्या विद्यापीठांत पूर्ण आकाराचे सांधे मोडले गेले आणि २००० साली मार्गदर्शक पुस्तिका निघाल्या. भूकंपानंतर सहा वर्षं.

त्यातून चाचणीचे जे नियम ठरले, त्यांच्याच धर्तीवर आजही आमचं काम चालतं. ते कसं, ते थोडक्यात सांगते.

पहिला नियम आकाराचा. चाचणीतली तुळई खऱ्या तुळईच्या उंचीच्या किमान ९० टक्के हवी. लहान खेळण्यावरून मोठ्याचा अंदाज बांधायचा नाही. नॉर्थरिजचा धडा एका ओळीत आला आहे.

मग सांधा जाड काँक्रीटच्या भिंतीसमोर, जमिनीला बोल्टने आवळून उभा करतात. तुळईच्या टोकाला तेलाच्या दाबावर चालणारा मोठा दांडा जोडतात. तो तुळईला ढकलतो आणि ओढतो. अंगावर ठिकठिकाणी नखाएवढ्या पट्ट्या चिकटवतात. धातू ताणला की त्यांतून जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा बदलतो आणि ताण मोजता येतो. त्याच स्टीलचे छोटे तुकडे वेगळे काढून ओढून पाहतात, म्हणजे कागदावरची ताकद आणि प्रत्यक्षातली ताकद यांतला फरक आधीच कळतो.

आणि एक गंमत. इतकी महागडी यंत्रं लावल्यावर आम्ही सांध्याला चुना फासतो. आपल्या भिंतीला लावतात तसाच. स्टील जिथे कायमचं ताणलं जायला लागतं तिथे वरचा पापुद्रा सुटतो आणि चुना झडतो. तिरक्या रेघा उमटतात. यंत्राचे आकडे नंतर वाचायचे, आधी चुना कुठे झडला ते पाहायचं. डमरूच्या कमरेत झडला तर जीव भांड्यात पडतो. वेल्डजवळ झडायला लागला तर सगळे गप्प होतात.

वाकवायचं ते अगदी हळू आणि पायरीपायरीने. तीन मीटर उंचीच्या मजल्याचा हिशेब धरला, तर पहिल्या सहा फेऱ्यांत मजला बाजूला सरकतो जेमतेम ११ मिलिमीटर. मग हळूहळू वाढवत, ठरलेल्या फेऱ्या करत, शेवटी १२० मिलिमीटर. मजल्याचं छत वीतभराच्या अर्ध्याहून जास्त एका बाजूला आणि मग तितकंच दुसऱ्या बाजूला. तिथवर एकूण ३० फेऱ्या होतात. तेवढं झाल्यावरही सांध्याने तुळईच्या पूर्ण ताकदीच्या किमान ८० टक्के भार धरलेला असायला हवा. धरला, तर तो उत्तीर्ण. यानंतर आम्ही थांबत नाही. पुढे वाकवत राहतो, कारण तो टिकतो एवढं कळून पुरत नाही, कसा मोडतो तेही कळायला हवं. बडबड न करता एकाएकी मोडणारा सांधा धोक्याचा. आधी वाकणारा, कुरकुरणारा, चुना झाडणारा सांधा भला, कारण तो माणसांना पळायला वेळ देतो.

आता नव्या छापलेल्या, हाडासारख्या सांध्यांचं बघूया. ॲमस्टरडॅममध्ये जुलै २०२१ मध्ये एका कालव्यावर पादचारी पूल खुला झाला. सुमारे १२ मीटर लांबीचा, स्टेनलेस स्टीलच्या तारेचं वेल्डिंग थरावर थर चढवत रोबोंनी छापलेला. तो लोकांसाठी उघडण्याआधी लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या प्रयोगशाळेने छापलेल्या धातूचे तुकडे वेगवेगळ्या दिशांनी कापून ओढून पाहिले. कारण थर ज्या दिशेने चढवले, त्या दिशेने आणि आडव्या दिशेने त्याची वागणूक सारखी नसते. शिवाय पृष्ठभाग शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा लाटालाटांचा असतो, जाडी कुठे कमी, कुठे जास्त. संगणकाच्या चित्रात तो आरशासारखा गुळगुळीत असतो. या दोहोंतला फरक मोडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आम्ही असा सांधा तीन प्रकारे छळतो. एकदा सरळ मोडेपर्यंत ओढतो. एकदा भूकंपासारखा पुढे-मागे वाकवतो. आणि एकदा लहान भार लाखो वेळा देतो, कारण छपाईतलं एखादं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पहिल्या दिवशी काही करत नाही, पण रोजच्या वापरात तिथून तडा वाढत जातो. एकाच नमुन्यावर भागत नाही, एकसारखे दिसणारे अनेक मोडावे लागतात. त्यांतला सगळ्यात वाईट निकाल महत्त्वाचा. सरासरीवर कोणी झोपायला जात नाही, झोपायचं असतं ते एका विशिष्ट छताखाली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, अमेरिका झाली, हॉलंड झालं, आपला काय संबंध? संबंध याच मेळाव्याशी आहे.

आपल्या बॅचने शाळेच्या प्रांगणावर लोखंडी कैच्यांची, पत्र्याची शेड बांधून द्यायचं ठरवलं आहे. पावसात प्रार्थना व्हरांड्यात होते, ती शेडमध्ये होईल. फार चांगला विचार आहे. निधी जमतोय, तीन जणांची अंदाजपत्रकं आली आहेत, आणि समितीने मला ती दाखवली. सगळ्यात स्वस्त अंदाजपत्रकात स्टील सगळ्यात कमी आहे. ते वाईटच असेल असं मी म्हणत नाही. कदाचित त्या माणसाने खरंच नीट डोकं लावलं असेल. पण आपल्याला ते विचारावं लागेल. शेड बघितली की आपल्याला ती पडेल अशी भीती वाटते. वळवाच्या वादळात शेड उडू पाहते. वारा पत्र्याला वर खेचतो आणि मग कैचीत जे भाग एरवी ताणात असतात ते दाबात जातात. खांबाच्या पायाचे बोल्ट, जे एरवी नुसते बसलेले असतात, ते उपटले जायला लागतात. ज्याने फक्त पत्र्याचं वजन धरून हिशेब केला, त्याचा सांधा त्या प्रश्नासाठी बनलेलाच नसतो. हाच तो सांगायचा राहिलेला पाचवा भार.

म्हणून समितीकडे माझ्या चार मागण्या आहेत. एक, वाऱ्याच्या उचल भाराचा हिशेब लेखी मागा आणि त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. दोन, स्टीलबरोबर गिरणीचं चाचणी प्रमाणपत्र येतं, ते बिलाला जोडून घ्या. तीन, बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ असा शिक्का असेल तर तो बोल्ट ४.६ च्या बोल्टच्या दुप्पट जोर घेऊन तुटतो. लांबून दोन्ही अगदी सारखे दिसतात, आणि दुकानात बदलायला एक मिनिट लागतं. चार, आणि ही मागणी मी सोडणार नाही. फॅब्रिकेटरला कैचीचा एक सांधा जास्तीचा करायला सांगा. त्याच वेल्डरच्या हातून, त्याच स्टीलमध्ये. कोणता जास्तीचा ते त्याला आधी सांगू नका. सगळे सांधे तयार झाले की त्यांतला एक आपण उचलू आणि जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या चाचणी यंत्रावर मोडून पाहू.

त्याचा खर्च मी देईन. वाया गेलेला सांधा म्हणून कोणी हळहळू नये. शेडमधल्या बाकी सगळ्या सांध्यांची हमी त्या एकाने दिलेली असेल. मोडायच्या दिवशी दहावीच्या मुलामुलींना बरोबर न्यायचं, आधी सांध्याला चुना फासायला त्यांच्याच हातात ब्रश द्यायचा, आणि चुना कुठे झडतो ते त्यांनाच शोधायला लावायचं. तारीख मुख्याध्यापकांनी ठरवावी. मी रजा टाकून येईन.